प्रॉडिजिओसिन

प्रॉडिजिओसिन हे सेराशिया मार्सेसेन्स व इतर काही जिवाणूंनी तयार केलेले लाल रंगाचे नैसर्गिक रंगद्रव्य आहे. सेराशिया जिवाणू माती व पाण्यात आढळतात. या रंगद्रव्याच्या रेणूत तीन पायरोल वलये असतात. आम्लधर्मी द्रावणात ते गुलाबी-लाल, तर अल्कधर्मी द्रावणात पिवळसर-नारिंगी दिसते.

इतिहास

इ.स. १८१९ मध्ये इटलीतील पादुआ शहराजवळच्या लेन्यारो गावात मक्याच्या पिठाचे शिजवलेले अन्न रक्तासारखे लाल झाल्याने लोक भयभीत झाले. बार्तोलोमिओ बिझिओ यांनी हा एका सूक्ष्म सजीवाचा परिणाम असल्याचे दाखवून त्याला सेराशिया मार्सेसेन्स हे नाव दिले. 'मार्सेसेन्स' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'कोमेजणारा' असा आहे. हे रंगद्रव्य लवकर फिके पडते.

निर्मितीवाढ

प्रॉडिजिओसिन हा द्वितीयक चयापचयाचा पदार्थ असून जिवाणूच्या वाढीसाठी तो आवश्यक नसतो. त्याची निर्मिती मुख्यतः वाढीचा वेग मंदावल्यानंतर होते. त्यामुळे केवळ जिवाणूंची संख्या वाढवून रंगद्रव्य वाढत नाही. पुढील घटकांवर नियंत्रण ठेवावे लागते.

* तापमान: २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान अनुकूल असते. ३७ अंशांवर जिवाणू वाढतात, परंतु बहुधा रंगहीन राहतात.
* पोषण: अनेक प्रभेदांत ग्लुकोजमुळे निर्मिती घटते. प्रोलिन या अमिनो आम्लापासून रेणूचा एक भाग घडत असल्याने ते उपयुक्त ठरते. चेन्नईतील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मातीतून मिळवलेल्या सेराशियाने भुईमुगाच्या दाण्यांच्या पुडीच्या माध्यमात नेहमीच्या पोषक द्रवापेक्षा अनेक पटींनी अधिक रंगद्रव्य दिले.
* प्रभेद: अतिनील किरणांनी उत्परिवर्तन घडवून अधिक रंग देणारे प्रभेद निवडले जातात.

तयार रंगद्रव्य अल्कोहोलसारख्या द्रावकाने पेशींतून वेगळे केले जाते.

उपयोग व मर्यादा

कापड रंगविण्यासाठी, तसेच जिवाणूरोधक व कर्करोगविरोधी गुणधर्मांसाठी प्रॉडिजिओसिनचा अभ्यास होत आहे. मात्र प्रकाशात ते टिकत नाही. शिवाय सेराशिया मार्सेसेन्स दुर्बल प्रतिकारशक्तीच्या रुग्णांत, विशेषतः रुग्णालयांत, संसर्ग घडवतो. त्यामुळे मोठ्या प्रमाणावर त्याचे संवर्धन करणे जोखमीचे असते. यावर उपाय म्हणून रंगनिर्मितीची जनुके स्यूडोमोनास पुटिडा या मातीतील तुलनेने निरुपद्रवी जिवाणूत घालून प्रॉडिजिओसिन मिळविण्यात आले आहे.