बासष्ट टक्के म्हणजे किती बाळं?

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी सकाळी येणारे आरोग्याचे मेसेज तुम्हीही वाचत असाल. ‘रोज हे घ्या, हार्ट अटॅकचा धोका निम्म्यावर!’ निम्मा म्हटलं की आपण लगेच मान डोलावतो. इथे नवा रायपूरला आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी असाच मेसेज वाचून रोज अॅस्पिरिन घ्यायला सुरुवात केली. त्यांना आधी कधी हृदयाचा त्रास झालेला नाही, आणि डॉक्टरांनाही त्यांनी विचारलं नव्हतं. मेसेज खोटा होता का? नाही. अर्धाच होता.

दोन खरे आकडे शेजारी ठेवून बघा.

पहिला आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला. छत्तीसगडची हद्द ओलांडली की गडचिरोली लागतं. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात नवजात बाळांची घरीच काळजी घेऊन पाहिली. गावातल्याच बायांना शिकवून ‘आरोग्यदूत’ केलं. बाळाला ऊब कशी द्यायची, जन्मल्यावर श्वास घेत नसेल तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन कसं द्यायचं, हे सगळं त्या शिकल्या. ही काळजी ३९ गावांत दिली आणि तुलनेसाठी आणखी ४७ गावांवर लक्ष ठेवलं. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांत हजार बाळांमागे साधारण ६० बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती. आरोग्यदूतांच्या गावांत हाच आकडा २५ च्या आसपास आला होता. सुरुवातीचा फरक जमेस धरून मृत्यूंतली घट ६२ टक्के निघाली. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात हे छापून आलं.

दुसरा आकडा अमेरिकेतला. तिथल्या २२ हजारांहून जास्त निरोगी पुरुष डॉक्टरांपैकी निम्म्यांना एक दिवसाआड अॅस्पिरिन दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. साधारण पाच वर्षांत बिनऔषधी गोळीच्या गटात २३९ जणांना हार्ट अटॅक आला, अॅस्पिरिनच्या गटात १३९ जणांना. घट ४४ टक्के. काकांच्या मेसेजचं मूळ बहुधा अशाच एखाद्या आकड्यात असावं.

बासष्ट आणि चव्वेचाळीस. ऐकायला फार लांबचे वाटत नाहीत, हो ना? आता माणसं मोजा. अॅस्पिरिनच्या गटात अकरा हजार लोक होते आणि शंभर अटॅक टळले. म्हणजे एक अटॅक टाळायला सुमारे ११० जणांनी पाच वर्षं गोळी घ्यायची. गडचिरोलीत मात्र, पोटातच दगावणारी बाळंही हिशोबात धरली, तर दर १८ बाळांच्या काळजीमागे एक मृत्यू टळला. शिवाय अॅस्पिरिनवाल्यांत रक्तस्रावाचा त्रास जास्त दिसला, आणि हृदयविकाराने होणाऱ्या एकूण मृत्यूंत फरक पडलाच नाही. टक्केवारीत यातलं काहीच दिसत नाही.

संशोधक याला परिणामाचा आकार म्हणतात. ‘फरक सिद्ध झाला’ एवढं ऐकून थांबायचं नाही, फरक केवढा ते विचारायचं. आणि तो मूळ धोका केवढा होता यावर फार अवलंबून असतो. छत्तीसगडचंच घ्या. इथे आशाताईंना मितानिन म्हणतात. गडचिरोलीची पद्धत २०११ पासून देशभर आशांच्या कामात आली आणि बाळ जन्मलं की त्या बेचाळीस दिवसांपर्यंत पुन्हा पुन्हा घरी येतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्याचा नवजात मृत्युदर हजारी सुमारे ३२ होता. पहिल्या महिन्यातलेच मृत्यू मोजले, तर हजारी ६० असताना ६२ टक्के घट म्हणजे सुमारे २७ बाळांमागे एक जीव. हजारी ३२ असताना तीच घट म्हणजे ५० बाळांमागे एक. काम तेवढंच, टक्के तेवढेच, वाचणारे जीव निम्मे. (तरीही पन्नासात एक बाळ हा आकडा मला तरी लहान वाटत नाही.)

आता जरा कडू भाग. पहिल्या प्रयोगातला मोठा आकडा पुढे तसाच राहील असंही नसतं. बांगलादेशात सिल्हेटला अशाच घरभेटींनी मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. घानामध्ये घट जेमतेम ८ टक्के निघाली, तीही योगायोगाची असू शकेल इतकी कमजोर. घानात कार्यकर्ते इंजेक्शन देत नव्हते, आजारी बाळाला दवाखान्यात पाठवत होते. त्यावरून गडचिरोलीचं काम कमी ठरत नाही. पण एका जागी, जीव ओतून केलेल्या कामाचा आकडा दुसरीकडे जसाच्या तसा लावता येत नाही, हे मात्र कळतं.

मानसशास्त्रात तर हे आणखी जाणवतं. ध्यानाने ताण किती कमी झाला, हे बाळांसारखं मोजता येत नाही. म्हणून दोन गटांच्या सरासरीतला फरक, माणसामाणसांत एरवी जेवढी तफावत असते तिच्याशी ताडून पाहतात. जेकब कोहेन या अमेरिकी अभ्यासकाने त्यासाठी ढोबळ माप सुचवलं: ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा. त्याने उदाहरण मुलींच्या उंचीचं दिलं. पंधरा आणि सोळा वर्षांच्या मुलींच्या सरासरी उंचीत जेवढा फरक असतो, तो ‘लहान’. तेरा आणि अठरा वर्षांच्या मुलींमधला ‘मोठा’. पहिला फरक नुसत्या नजरेने ओळखता येईल का, सांगा! २०१५ मध्ये मानसशास्त्रातले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा परिणामाचा आकार सरासरीने मूळच्या निम्म्याच्या आसपास आला. तेव्हा एखादं अॅप ‘संशोधनाने सिद्ध’ म्हणत असेल, तर पैसे भरण्याआधी फरक केवढा आणि किती जणांवर पाहिला, एवढं तरी शोधा.

काकांना शेवटी काकूंनीच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी वय, बीपी, शुगर विचारली, पोटात कधी अल्सर झाला होता का तेही विचारलं. झाला होता. गोळी त्याच दिवशी बंद झाली. त्याच दवाखान्यात बसलेल्या दुसऱ्या एका आजोबांना मात्र, पूर्वी अटॅक येऊन गेलेला असल्यामुळे, तीच गोळी चुकवू नका म्हणून बजावलं गेलं.