बार्बारेस्कोची लाल वाइन आणि तिच्या जोडीचे जेवण

‘वाइन’ हा शब्द वाचून कोणाच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील तर आमची तक्रार नाही. पण ही हकिगत पिणाऱ्यांपेक्षा पिकवणाऱ्यांची अधिक आहे, म्हणून येथे देत आहोत.

इटलीच्या वायव्येस पिमोन्ते प्रांतात, आल्बा शहराजवळ, तानारो नदीच्या काठी बार्बारेस्को नावाचे लहानसे गाव आहे. गावाच्या नावानेच तिथली लाल वाइन ओळखली जाते. तिला द्राक्षाची एकच जात चालते, नेबिओलो. ही जात उशिरा, ऑक्टोबरच्या सुमारास तयार होते. पूर्वी इथली द्राक्षे शेजारच्या नामांकित बारोलो वाइनसाठी विकली जात. कष्ट यांचे, नाव दुसऱ्याचे!

आल्ब्याच्या द्राक्षविद्या शाळेचे प्रमुख दोमित्सियो काव्हात्सा यांनी 1894 साली नऊ बागायतदार एकत्र करून सहकारी वाइनघर काढले. फॅसिस्ट राजवटीत ते बंद पडले. पुढे 1958 मध्ये गावच्या धर्मगुरूंनी पुढाकार घेतला आणि एकोणीस छोट्या बागायतदारांची नवी संस्था उभी राहिली. जागा नव्हती, म्हणून पहिले तीन हंगाम चर्चच्या तळघरात वाइन झाली. आज पन्नासांवर कुटुंबे सभासद आहेत.

अट एकच, पण कडक. सभासदाने आपले सगळे नेबिओलो संस्थेलाच घालायचे. चांगला माल बाहेर आणि उरलासुरला संस्थेला, हा प्रकार तिथे चालत नाही. (गुऱ्हाळाकडे वळणाऱ्या गाड्या आमच्या डोळ्यांपुढे आल्या, हे कबूल करतो.) दुसरे असे की, पैसे नुसत्या वजनावर मिळत नाहीत, द्राक्षातली साखर आणि प्रत पाहून मिळतात. आपल्याकडे दर ठरतो तो साऱ्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. मग गोड ऊस आणि पाणचट ऊस एकाच मापाने मोजला जातो, आणि मेहनती माणूस मनातल्या मनात कुढतो.

आता चवीकडे वळू. वाइनचा रंग फिकट, पण त्यावर जाऊ नका. घोट घेतला की जीभ आवळते, कच्चे जांभूळ खाल्ल्यासारखी. हा तुरटपणा सालीतल्या आणि बियांतल्या टॅनिनचा. म्हणून किमान सव्वीस महिने, त्यांतले नऊ लाकडी पिंपात, ती मुरवावी लागते. तरी तुरटपणा उरतोच. तो मऊ करायला जेवण स्निग्ध हवे, कारण मांसातली प्रथिने आणि चरबी टॅनिनला आवरून धरतात. त्यामुळे तिथले लोक तिच्याबरोबर तायारिन खातात, म्हणजे भरपूर पिवळा बलक घालून केलेल्या बारीक शेवया, वर लोणी. मांसाचे सारण भरून चिमटीने मिटलेल्या छोट्या पुरणाकृती, आन्योलोत्ती देल प्लिन, याही तिच्या जोडीच्या. ‘प्लिन’ म्हणजे चिमटा. आपल्या करंजीची मुरड आठवावी. वाइनमध्येच तासन् तास मंद आचेवर शिजवलेले मांस आणि मुरलेले कास्तेल्मान्यो चीज हेही खास. पानगळीच्या दिवसांत कुत्र्यांकडून हुडकून काढलेली पांढरी ट्रफल अळंबी शेवयांवर किसतात, तेव्हा तर बघायलाच नको. मासळीशी मात्र तिचे जमत नाही. आपल्या तांबड्या रश्श्याशीही नाही. तिखटाने तुरटपणा आणि आग दोन्ही वाढतात.

चांगल्या सालात नऊ नामांकित बागांची वाइन वेगवेगळी भरतात. साल खराब गेले तर तसे करत नाहीत. ती द्राक्षे सगळ्यांच्या वाइनमध्येच जातात. वेगळ्या भरलेल्या बाटलीच्या चिठ्ठीवर बागेचे नाव असते, आणि त्याखाली ती बाग कसणाऱ्या सभासदांची नावेही छापतात.