पाण्याखालचे घड्याळ आणि घाटाची वाट

मुलचेऱ्यात पाण्याचा तोटा नाही. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, ती आमच्यापासून फार दूर नाही. शिवाय पूर्व पाकिस्तानातून येऊन या तालुक्यात वसलेल्या बंगाली कुटुंबांच्या गावागावांतली तळी आहेत. माझी पुतणी अशाच एका तळ्यात पोहायला शिकली. पण समुद्र म्हणाल, तर तो आमच्यासाठी महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला. दोन वर्षांपूर्वी ती मैत्रिणींबरोबर मालवणला गेली, प्रशिक्षकाचा हात धरून पाण्याखाली वीसेक मिनिटे राहिली आणि परत आली ती बदलूनच. पुढच्या सुटीत तिने तारकर्लीला राहून रीतसर प्रशिक्षण घेतले. आणि यंदा दिवाळीत फराळाच्या ताटावर जाहीर केले, "काका, मला डाइव्ह कॉम्प्युटर घ्यायचा आहे."

"घड्याळ तं आहेच ना पोरीजवळ, मंग दुसरं कायले?" आजीने विचारले. किंमत ऐकल्यावर तिचे वडीलही आजीच्या बाजूला गेले. चांगल्या मोबाइल फोनइतके पैसे, आणि वापर वर्षातून आठ-दहा दिवस! शेवटी "तूच बघ बाबा" म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आले. मी समुद्रात गुडघ्यापलीकडे गेलेलो नाही. पण शिक्षकी पेशात आयुष्य गेले, त्यामुळे आधी वाचायचे आणि मग बोलायचे, एवढी सवय आहे.

हे घड्याळ नव्हेच. आपण श्वासातून घेतो त्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन असतो. जमिनीवर त्याचा त्रास नाही. पाण्यात मात्र दर १० मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो आणि त्या दाबाने नायट्रोजन रक्तात, स्नायूंत, चरबीत मुरत जातो. जास्त मुरला आणि माणूस झपाट्याने वर आला, तर सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे बुडबुडे शरीरात होतात. सांधे दुखतात, अंग बधिर होते, क्वचित अर्धांगही होतो. जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग करून यावरचा पहिला शास्त्रीय तक्ता १९०८ साली प्रसिद्ध केला. (त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन लहानपणी पाणबुड्याचा पोशाख घालून वडिलांच्या प्रयोगासाठी समुद्रात उतरले होते. पुढे तेही मोठे शास्त्रज्ञ झाले, १९५७ साली भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.)

पुढे बरीच वर्षे पाणबुडे असे तक्ते पाठ करून उतरत. अमेरिकन नौदलाच्या जुन्या तक्त्यात ६० फुटांवर ६० मिनिटे, १०० फुटांवर २५ मिनिटे, अशी मर्यादा होती. पण माणूस काही एकाच खोलीवर बसून राहत नाही. कुठे मासा दिसला म्हणून खाली जातो, कुठे खडक बघायला वर येतो. १९८३ साली अमेरिकेत 'एज' नावाचे यंत्र बाजारात आले. ते दाब आणि वेळ सतत मोजून नायट्रोजनचा हिशेब क्षणाक्षणाला मांडू लागले. आजचे मनगटावरचे कॉम्प्युटर हेच करतात. झुरिकच्या ब्यूलमान यांच्या सूत्रात तर शरीराचे सोळा कल्पित भाग धरलेले असतात, काही पटकन भरणारे, काही सावकाश. कोणत्या भागाची मर्यादा आधी भरते ते पाहून यंत्र सांगते, या खोलीवर आणखी इतकी मिनिटे.

मग भाड्याने का घेऊ नये? मीही हेच विचारले. त्यावर पुतणीने सांगितलेली हकिकत ऐकून माझा विरोध गळाला. एका ठिकाणी तिला भाड्याचा कॉम्प्युटर मिळाला. आधीच्या माणसाने जास्त ऑक्सिजनची हवा वापरली होती आणि यंत्र त्याच मिश्रणावर ठेवलेले होते, ३२ टक्क्यांवर. हिच्या सिलिंडरमध्ये साधी हवा. म्हणजे हिच्या अंगात यंत्राच्या समजुतीपेक्षा अधिक नायट्रोजन शिरणार आणि यंत्र मात्र जास्त मिनिटे दाखवणार! होडीत शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाच्या लक्षात आले म्हणून निभावले. दुसरी गोष्ट स्मरणाची. कालच्या आणि सकाळच्या बुडीतला उरलेला नायट्रोजन आपल्याच यंत्राला ठाऊक असतो. सकाळी दुसऱ्याच्या मनगटावर असलेले यंत्र दुपारी आपल्याला मिळाले, तर ते परक्याचा हिशेब पुढे चालवते.

तेव्हा घ्यायचा हे ठरले. मग कोणता, यावर आठवडाभर खल झाला. शिअरवॉटरचा रंगीत पडद्याचा 'पेरेग्रिन' तिच्या मनात भरला होता. देखणा आहे, वाचायला सोपा आहे आणि चार्ज होतो. पण महाग. सिलिंडरमधला दाब बिनतारी दाखवणारे प्रकार त्याहून महाग, आणि दाबाचा काटा तर नळीला लटकलेला असतोच. मनगटी घड्याळासारखे नाजूक दिसणारे लग्नकार्यातही मिरवता येतात, पण त्यांचे आकडे बारीक. मालवणचे पाणी अंदमानसारखे नेहमीच नितळ नसते. हिरवट, गढूळ पाण्यात मुखवट्याच्या काचेतून आकडा एका नजरेत दिसला पाहिजे. माझ्या मते पहिल्या यंत्राची परीक्षा तिथेच होते. उरलेली मिनिटे, खोली आणि वर येण्याचा वेग या तीन गोष्टी शोधाव्या लागता कामा नयेत. मारेसचा 'पक', क्रेसीचा 'लिओनार्दो' हे साधे, मोठ्या आकड्यांचे, एका बटणावर चालणारे. सुंटोच्या 'झूप'ला बटणे अधिक, पण तोही नवख्यांचाच.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने मांडली, ती बॅटरीची. मुलचेऱ्यात बसून सर्व्हिस सेंटर कुठे शोधायचे? सेल घरी बदलता येतो का, त्याची रबरी रिंग वेगळी मिळते का, हे दुकानदाराला विचारूनच घ्यावे. जुना, कोणाचा तरी वापरलेला स्वस्तात मिळत होता. त्याला मी सरळ नको म्हटले. जास्त ऑक्सिजनच्या हवेची सोय बहुतेक साध्या यंत्रांतही असते, ती असू द्यावी. ज्यांना आयुष्यात एकदाच प्रशिक्षकाबरोबर पाच-सात मीटर उतरून मासे पाहायचे आहेत, त्यांनी मात्र या फंदात पडूच नये. तेवढ्या पैशांत सारे घर मालवणला जाऊन येते.

पण यंत्र कितीही चांगले असले तरी ते हिशेब करते तो एका सरासरी शरीराचा. रात्रभर एस. टी.त जागलेली, पाणी कमी प्यायलेली मुलगी त्याला दिसत नाही. म्हणून मिनिटे संपेपर्यंत थांबायचे नाही, मिनिटाला ९-१० मीटरपेक्षा वेगाने वर यायचे नाही आणि वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे. जोडीदाराचा आकडा वेगळा दिसला, तर ज्याचा वेळ कमी त्याचे ऐकायचे.

यापुढचा मुद्दा मात्र आमच्यासारख्या देशावरच्या लोकांचा आहे आणि तो मला नकाशा पाहताना सुचला. बुडीनंतर लगेच विमानात बसू नये, हे सगळ्यांना शिकवतात. एका बुडीनंतर किमान १२ तास, अनेक दिवसांच्या बुड्यांनंतर १८ तास. कारण उंचीवर दाब कमी होतो आणि उरलेला नायट्रोजन उसळतो. हा सल्ला दोन हजार फुटांच्या वरच्या उंचीसाठी आहे. आता मालवणहून मुलचेऱ्याला यायचे कसे? सावंतवाडीवरून आंबोली घाट चढून कोल्हापूर, तिथून महाराष्ट्र एक्स्प्रेसने नागपूर, मग पुढे आष्टीमार्गे घर. आंबोली ६९० मीटरवर, म्हणजे सव्वादोन हजार फुटांच्या वर! दुपारी बुडी मारून संध्याकाळची गाडी धरली, तर विमान न पकडताही आपण त्या रेषेच्या पलीकडे जातो. धोका विमानाइतका नाही, पण दमलेल्या अंगाने तो घ्यायचाच कशाला? आणि त्रास झालाच, तर अशा रुग्णाला दाबाच्या बंद खोलीत ठेवावे लागते. तशी सोय मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात आहे. आमच्या जंगलात ती कुठून असणार?

शेवटी मोठ्या आकड्यांचा, एका बटणाचा आला. आजीने तो हातात घेऊन कानाला लावला आणि "टिकटिक तं करत नाही" म्हणून परत दिला. गेल्या महिन्यात पुतणी तो घेऊन पुन्हा तारकर्लीला गेली. ठरल्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला.

"काका, अजून अकरा तास दाखवतोय. मी सावंतवाडीलाच मुक्काम करते. घाट उद्या."

"जेवलीस का?" मी विचारले.

"जेवते आता. आजीला सांगा, पोरगी एक दिवस उशिरा येते म्हणून."