भिक्खूंची शाळा आणि कोकण

कोकणातल्या बौद्ध शिक्षणाचा आढावा १९५६ च्या धम्मदीक्षेपासून सुरू करायचा, असा प्रघात पडला आहे. त्या घटनेचे मोल सांगायला माझी गरज नाही. पण भिक्खूने मुलाला अक्षर शिकवावे, ही रीत त्याहून फार जुनी आहे आणि तिचे दोन धागे आपल्या किनाऱ्याशी बांधलेले आहेत. एक मंडालेहून रत्नागिरीत आला. दुसरा गोव्यातल्या साखवाळहून निघाला, कोलंबोला गेला आणि पुण्यात रुजला.

लेण्यांवर इतरांनी भरपूर लिहिले आहे, म्हणून थोडक्यात. दापोली तालुक्यात कोटजाईच्या काठी पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत. आधी हीनयान, मग वज्रयान आणि शेवटी नाथपंथ असा त्यांचा प्रवास पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी मांडला. नवख्याने उपाध्यायापाशी राहून शिकावे, हा विनयाचा नियम. तेव्हा विहार ही निवासी शाळाच होती, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

आता ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा. रत्नागिरीत त्याच्याविषयी बोलणे निघाले की दागिने, राणी आणि राजकन्यांच्या कहाण्या सुरू होतात. या कहाण्यांवर पोट भरणाऱ्या लेखकांशी माझे जुने भांडण आहे. हा राजा विद्यार्थी म्हणून कोण होता, हे त्यांना सांगावेसे वाटत नाही. त्याचे वडील मिंडॉन यांनी मंडालेला पाचवी संगीती भरवली आणि अवघे त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतले. त्याच राजाने इंग्रज पाद्र्याच्या शाळेलाही पैसा दिला आणि थिबासह आपली मुले तिथे धाडली. पण थिबा खरा घडला तो विहारात. १८७७ मध्ये तो पालीची धर्मपरीक्षा उत्तीर्ण झाला, पुढच्याच वर्षी गादीवर बसला. १८८५ मध्ये राज्य गेले, १८८६ मध्ये तो रत्नागिरीत आला आणि १९१६ च्या डिसेंबरात इथेच वारला.

तो ज्या व्यवस्थेतून आला, ती समजून घेण्याजोगी आहे. ब्रह्मदेशात बहुतेक गावांत विहार असे आणि विहार हीच मुलग्यांची शाळा असे. फी नाही. मुलाने अंगण झाडायचे, पाणी भरायचे, भिक्खूची सेवा करायची आणि काळ्या लाकडी पाटीवर अक्षरे गिरवत मोठमोठ्याने घोकायचे. बाराखडीमागोमाग सुत्ते येत आणि त्यांत पहिला मान महामंगलसुत्ताचा. १९०१ च्या जनगणनेत ब्रह्मदेशातले साक्षर पुरुष दर हजारी साडेतीनशेच्या वर भरले. साऱ्या हिंदुस्थानचा आकडा शंभराच्या आत होता. हा फरक सरकारी शाळाखात्याने घडवला नव्हता. मुली मात्र या शाळांबाहेर राहिल्या, हे त्या व्यवस्थेचे मोठे उणे होते.

दुसरा धागा माझ्या जिव्हाळ्याचा आहे. हिक्कडुवे सुमंगल या भिक्खूंनी १८७३ मध्ये कोलंबोत विद्योदय पिरिवेण, म्हणजे भिक्खूंचे विद्यालय, काढले. दोन वर्षांनी जवळच विद्यालंकार निघाले; राहुल सांकृत्यायन आणि आनंद कौसल्यायन तिथलेच. विद्योदयात भिक्खूंबरोबर गृहस्थही शिकत आणि पालीच्या जोडीला संस्कृतही चाले. १८७६ मध्ये साखवाळला जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी ‘बालबोधमेवा’ मासिकात बुद्धाविषयी वाचले आणि ते घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ करीत १९०२ मध्ये ते या शाळेत पोचले आणि सुमंगलाचार्यांपाशी श्रामणेर झाले. पिरिवेण म्हणजे नुसते घोकंपट्टीचे ठिकाण, असे म्हणणारे पंडित अजूनही भेटतात. त्यांनी कोसंबींचे पुढचे काम पाहावे. कलकत्त्याची चांगल्या पगाराची जागा सोडून ते महाराष्ट्रात आले, कारण बडोद्याच्या सयाजीरावांची महिना ५० रुपयांची वृत्ती त्यांना मराठीत लिहायची मोकळीक देत होती. १९१२ पासून सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजमध्ये पाली शिकवली. ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘लघुपाठ’, ‘भगवान बुद्ध’ ही पुस्तके सामान्य मराठी वाचकासाठी लिहिली. कोलंबोच्या विद्येला त्यांनी मराठी घर दिले, ते असे.

‘लघुपाठा’त जे महामंगलसुत्त आहे, तेच मंडालेचा पोर घोकत असे आणि तेच आज आपल्या प्रत्येक मंगलकार्यात बौद्धाचार्य म्हणतात. बहुश्रुतपणा आणि हातातली कला यांना ते सुत्त उत्तम मंगल मानते. हे उमजून ऐकणारे मांडवात किती असतात?

मी हायस्कुलात पाली शिकवत असे, तेव्हा हौसेने पुढे येणारी मुले असत. अभ्यासाला विहार संध्याकाळी उघडा मिळे. वडीलधारी मंडळी दाराशी बसून ऐकत, चुकलेला उच्चार सुधारून घेत. पुढे पटसंख्येचे कारण दाखवून तो वर्ग बंद करण्यात आला आणि कोणी हूं की चूं केले नाही. आता गावोगावी चाकरमान्यांच्या वर्गणीतून देखणे विहार उभे आहेत. वर्षावासात ग्रंथवाचन होते, ते चांगलेच आहे. पण एरवी जयंती आणि बुद्धपौर्णिमा सोडली तर दाराला कुलूप असते. श्रामणेर शिबिरात मुले दहा दिवस चीवर घालतात, फोटो निघतात, अकराव्या दिवशी सारे संपते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीबरोबर पालीलाही अभिजात दर्जा मिळाला. सत्कार झाले, भाषणे झाली. दर्जाने मुले शिकत नाहीत, त्यांना रोज शिकवणारा माणूस लागतो. म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. प्रत्येक गावशाखेने विहारात रोज संध्याकाळी तासभर वर्ग चालवावा, मुलामुलींना एकत्र बसवावे, ‘लघुपाठा’पासून सुरुवात करावी आणि वर्षाच्या वर्गणीतला पहिला वाटा शिकवणाऱ्याच्या मानधनाला द्यावा. विहाराच्या कमानीचे काम त्यानंतर काढावे.