आधी तालीम, मग रात्रपाळी

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, तेव्हा भोपाळच्या वायुकांडाला वर्षही उलटले नव्हते. त्या धक्क्यातून १९८७ मध्ये कारखाने कायदा बदलला, १९८९ मध्ये घातक रसायनांचे नियम आले आणि धोक्याच्या कारखान्यांना दर सहा महिन्यांनी आपत्तीची रंगीत तालीम घेणे पुढे सक्तीचे झाले. भोंगा वाजतो, माणसे मोकळ्या जागेत जमतात, हजेरी होते, कुणी कुठला व्हॉल्व्ह बंद केला हे लिहून ठेवले जाते. कागदोपत्री उरकलेल्या तालमीही असतात, पण अपघात होण्याआधी चुका करून घ्याव्यात हे या वसाहतीला कुणी नव्याने सांगायला नको.

दवाखान्यांना मात्र हे उशिरा पटले. शहरातल्या घाटी या सरकारी रुग्णालयाचे वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चे. तिथे काय, राज्यात इतरत्र काय, अपघात विभागातले शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या थेट रुग्णावर झाले. सिनियर करताना बघायचे आणि एके रात्री सिनियर जागेवर नसताना स्वतः करायचे. नॉर्वेतल्या लेअरडाल या खेळणी बनवणाऱ्याने श्वास देण्याच्या सरावासाठी बाहुली केली १९६० मध्ये. आपल्याकडे आपत्कालीन वैद्यकशास्त्राला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली २००९ मध्ये. १०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ मध्ये आली, ९३७ गाड्या आणि गाडीत डॉक्टर. एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमाने २०१९ पासून कौशल्य प्रयोगशाळेला जागा दिली. तालमीची सुरुवात बंद पडलेल्या हृदयापासून आणि अपघातापासून झाली, ते रास्तच होते. कॅन्सरकडे लक्ष जायला वेळ लागला.

का लागला, याचे उत्तर बरेचसे अंतरात आहे. पूर्वी इथल्या गंगापूर तालुक्यातला रुग्ण मुंबईला टाटात जायचा, नाहीतर बार्शीला. धर्मशाळेत किंवा नातेवाइकाच्या खोलीत राहून किमोचे डोस घ्यायचा, आणि काही बिघडले तर तेच रुग्णालय जवळ असायचे. २०१२ मध्ये शहरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय उभे राहिले. उपचार दाराशी आले ही मराठवाड्यासाठी फार मोठी गोष्ट. पण सकाळी सलाईनमधून डोस घेऊन संध्याकाळी वाळूजमधल्या बजाजनगरच्या खोलीवर परतणाऱ्या माणसाबरोबर गुंतागुंतही घरी आली. पांढऱ्या पेशी तळाला जातात त्या साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी. ताप भरतो रात्री, आणि रिक्षा थांबते ती नाक्यावरच्या दहा-वीस खाटांच्या दवाखान्यात. तिथल्या ड्युटी डॉक्टरने कॅन्सरचा वॉर्ड शेवटचा पाहिलेला असतो तो विद्यार्थी असताना.

कॅन्सर रुग्णांच्या अशा आणीबाणीसाठी घेतल्या जाणाऱ्या तालमीचा एक ठरलेला प्रसंग असा. खाटेवर पुतळा, काचेमागे बसलेला प्रशिक्षक त्याची नाडी आणि रक्तदाब हवा तसा बदलतो. बाई बावन्न वर्षांच्या, स्तनाच्या कॅन्सरची किमो होऊन दहावा दिवस, ताप १०१. ‘डॉक्टर, नुसती कणकण आहे हो,’ असे माइकवरून ऐकू येते. डॉक्टर पॅरासिटामॉल देतात, रक्त तपासणीला पाठवतात आणि रिपोर्टची वाट बघतात. ताप उतरतो. सगळ्यांना हायसे वाटते, आणि तेवढ्यात पडद्यावर रक्तदाब घसरायला लागतो. न्यूट्रोफिल पाचशेच्या खाली गेलेल्या शरीरात पू धरत नाही, छातीच्या फोटोत डाग उमटत नाही. ताप एवढीच काय ती खूण, तीही गोळीने पुसली. रक्ताचे नमुने घेऊन तासाभरात जोरकस अँटिबायोटिक गेले पाहिजे, रिपोर्ट येवो न येवो. नंतर चित्रफीत लावून चर्चा होते. प्रशिक्षक चूक दाखवत नाही, विचारतो: ‘बाराव्या मिनिटाला तुम्ही कशाची वाट बघत होतात?’ हा प्रश्न पुस्तक विचारू शकत नाही. माझ्या मते सगळी तालीम त्या प्रश्नासाठीच असते.

दुसरे प्रसंगही असेच फसवे. पाठदुखी म्हणून आलेला माणूस पाय जड झाल्याचे सांगतो, लघवी तुंबलेली असते. गाठीने मज्जारज्जू दाबला जातो आहे हे चालता-फिरता असतानाच ओळखले, स्टेरॉइड देऊन एमआरआयला धाडले, तर पाय वाचण्याची आशा. आणि आपल्याकडचा तर हमखास: गुटख्याने तोंड एका बोटाएवढेच उघडते, गाठीतून रक्त येते, श्वास कोंडतो. नेहमीची नळी तोंडातून जाणारच नाही. गळ्यातून वाट करायचा निर्णय कुणी आणि कधी घ्यायचा, हे आधी बोलून, करून पाहिलेले नसेल तर खोलीत चार जण असूनही कुणी सुरी उचलत नाही.

लाखांचे पुतळे घेतले की काम झाले, असे मानणाऱ्यांशी माझे जमत नाही. एक खाट, रुग्ण बनलेला वॉर्डबॉय आणि पाटीवर लिहिलेले आकडे एवढ्यावर तापाचा प्रसंग नीट वठतो. अडचण माणसांची आहे. अशा तालमींची शिबिरे होतात महाविद्यालयांत आणि परिषदांत, पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी. वाळूजलगतच्या रांजणगाव शेणपुंजीच्या दवाखान्यात रात्री बसणारे बीएएमएस डॉक्टर, त्यांच्या सोबतची एकटी सिस्टर, १०८ वरचे डॉक्टर त्यांत अभावानेच दिसतात, आणि तो पहिला तास असतो नेमका त्यांच्याच हातात. तालीम त्यांच्या दवाखान्यात, त्यांच्या पाळीच्या वेळी, त्यांच्याच कपाटातल्या औषधांवर व्हायला हवी. त्या कपाटात रात्री दोन वाजता योग्य अँटिबायोटिक आहे का, आणि रुग्णाच्या फाइलवर शेवटच्या किमोची तारीख नि कर्करोग रुग्णालयाचा फोन नंबर लिहिलेला आहे का, हे पहिल्याच तालमीत कळेल.