घर खायला उठतं तेव्हा

बैठकीत आपण कर्जाचा हप्ता विचारतो, बचत विचारतो. "ताई, रात्री घरी करमते का?" असं मात्र कोणी विचारत नाही. आज त्यावरच बोलू.

आमच्या भागातल्या उपकेंद्रात एक नर्सताई आहेत. माहेर दूर, घरात दुसरं कोणी नाही. दिवसभर लसीकरण, गरोदर बायांची तपासणी. संध्याकाळी कुलूप उघडलं की घर खायला उठायचं. एकटीसाठी काय रांधायचं, म्हणून चहा-बिस्किटांवर झोपायच्या. मागच्या पावसाळ्यात एक भिजलेलं पिल्लू ओसरीवर आलं. त्याच्यासाठी भात शिजू लागला आणि ताईंचंही ताट वाढलं गेलं. त्याला फिरवताना शेजारणी बोलू लागल्या.

मुकं जनावर एवढंच करतं. ते वाट पाहतं, वेळेवर उठवतं. आपली कोणाला गरज आहे, हे जाणवून देतं.

पण पाळायचं तर नीट पाळा. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की जनावरांच्या दवाखान्यात रेबीजची लस द्या, पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. कुत्रं चावलं, ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवा. हळद-तिखट लावू नका; त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

आपला भाग जंगलाचा. कुत्र्याच्या मागे बिबट दारापर्यंत येतो. म्हणून रात्री त्याला अंगणात बांधू नका, घरात घ्या. उष्टं-खरकटं बाहेर टाकू नका.

पोपट, हरणाचं पाडस पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. हेमलकशाला आमटे कुटुंबानं अनाथ वन्यप्राणी सांभाळले, पण ते काम परवानगीनं चालतं. जखमी पिल्लू सापडलं तर वनविभागाला कळवा.

आणि जनावर आलं म्हणजे माणसं नकोत, असं नाही. दिवाळीत नर्सताई म्हणाल्या, "याला कोणाकडे ठेवू? मी आईकडे जातच नाही." तेव्हा गटातल्या दोघींनी पाळी लावून त्याला सांभाळलं. ताई आईला भेटून आल्या.

झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर 14416 या टेली मानसच्या मोफत नंबरवर बोला. मराठीत बोलता येतं, दिवसा-रात्री केव्हाही.

पुढच्या बैठकीत हजेरी झाली की एकट्या राहणाऱ्या ताईला विचारा, "काल जेवलीस ना?" वहीत लिहायचं नाही, फक्त विचारायचं.