शत्रूंच्या वहीतले देव

लिथुआनियाच्या संसदेने डिसेंबर २०२४ मध्ये ‘रोमुवा’ या संघटनेला राज्यमान्यता दिली आणि युरोपात सर्वांत शेवटी ख्रिस्ती झालेल्या देशात जुन्या देवांना पुन्हा सरकारदरबारी जागा मिळाली. ‘प्राचीन धर्म परतला’ हा मथळा अशा बातमीला आपसूक सुचतो. पण परतले त्यात जुने किती आणि नवे किती, हा प्रश्न मथळ्यापेक्षा रंजक आहे. कारण बाल्टिक देवांची बहुतेक लेखी माहिती त्यांच्या वैऱ्यांनी नोंदवून ठेवली आहे.

संघटनेचे नावसुद्धा वैऱ्याच्याच दप्तरातून आलेले आहे. तेराव्या शतकात ट्युटॉनिक ऑर्डर या जर्मन धर्मयोद्ध्यांनी प्रशियातल्या बाल्टिक जमातींना तलवारीच्या जोरावर बाटवले. या पंथाचा इतिहासकार पेटर फॉन डुसबुर्ग याच्या १३२६ च्या बखरीत ‘रोमोव्ह’ या पवित्र स्थळाचा आणि तिथल्या ‘क्रिवे’ नावाच्या पुरोहिताचा उल्लेख येतो. डुसबुर्ग क्रिवेला थेट पोपच्या पंगतीला बसवतो. शत्रू संघटित आणि बलाढ्य दाखवला की मोहिमेचे पुण्य वाढते, हे त्याला ठाऊक नसेल असे मानायला जागा नाही. सोळाव्या शतकात सायमन ग्रुनाउ या डॉमिनिकन साधूने त्यावर कळस चढवला. त्याच्या रोमोव्हमध्ये बारमाही हिरवा ओक आहे आणि त्यात एक तरुण, एक प्रौढ व एक वृद्ध अशा तीन देवांच्या मूर्ती आहेत. ग्रुनाउवर संशोधक फारसा विश्वास ठेवत नाहीत. तीनचा आकडा ख्रिस्ती लेखणीच्या अंगवळणीच पडलेला होता.

खुद्द लिथुआनियात धर्मांतर झाले ते राजकारणातून. महाराजा योगाइलाने पोलंडच्या मुकुटासाठी १३८६ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढच्याच वर्षी विल्नियसमधला पवित्र अग्नी विझवला गेला, देवराया तोडल्या गेल्या आणि पूजेतले साप मारले गेले, असे पोलिश इतिहासकार यान द्वुगोश लिहितो. पश्चिमेकडचा समोगितिया प्रांत आणखी पाव शतक, म्हणजे १४१३ पर्यंत, तसाच राहिला. लिथुआनियात धर्मप्रसारासाठी गेलेल्या प्रागच्या येरोनिमने एक अफलातून कथा परत आणली. एका बलाढ्य राजाने सूर्याला बुरुजात कोंडले होते, राशींनी अवाढव्य लोखंडी हातोड्याने बुरुज फोडून त्याला सोडवले, म्हणून लोक तो हातोडा पूजतात. ही कथा पुढे पोप झालेल्या एनेआ सिल्विओ पिकोलोमिनीने लिहून ठेवली, म्हणून टिकली. १५४७ मध्ये मार्तिनास माझ्विदास याने लिथुआनियन भाषेतले पहिले पुस्तक छापले. ते ल्यूथरपंथी प्रश्नोत्तरी होते आणि त्याच्या प्रास्ताविकातच कोणकोणते देव सोडायचे त्यांची नावे दिली होती. त्या भाषेच्या छापील वाङ्मयात जुन्या देवांचा प्रवेश झाला तो असा, हद्दपारीच्या हुकमासह.

या सगळ्यांत सर्वाधिक डोकेदुखी ठरलेला दस्तऐवज यान लासित्स्की या पोलिश लेखकाचा. त्याची समोगितियाच्या देवांवरची छोटी लॅटिन पुस्तिका १६१५ मध्ये बासेल इथे छापली गेली. तिच्यात सत्तरहून अधिक देवांची नावे आहेत. डुकरांचा देव वेगळा, मधमाश्यांचा वेगळा, घरातल्या बारीकसारीक कामांचे आणखी वेगळे. लासित्स्कीला ही माहिती समोगितियात जमीनमोजणीच्या कामावर असलेल्या याकुब लास्कोव्स्कीने पुरवली. सरकारी मोजणीदार गावात आला की शेतकरी त्याला काय वाटेल ते सांगणार, हे ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या टीकाकारांनी यादीतली कितीतरी नावे थट्टा किंवा गैरसमज म्हणून मोडीत काढली.

ती मोडीतून उचलली ती एका अनपेक्षित माणसाने. अल्गिर्दास ग्रेमास हे नाव मराठीत भेटते ते चिन्हमीमांसेच्या चर्चेत, कथांच्या अंतर्गत रचनेची आकृती मांडणारा पॅरिसचा पंडित म्हणून. १९१७ मध्ये जन्मलेला हा लिथुआनियन १९४४ मध्ये देश सोडून गेला आणि उतारवयात आपल्या देवांकडे वळला. १९७९ मध्ये त्याचे देव आणि माणसांवरचे पुस्तक लिथुआनियन भाषेत प्रसिद्ध झाले. त्याची पद्धत साधी पण चिकाटीची होती. यादीतले नाव खरे की खोटे हा वाद बाजूला ठेवायचा आणि त्या नावाभोवती गावात कोणते रिवाज, कोणत्या कथा, कोणते निषेध सापडतात ते जुळवायचे.

लासित्स्कीच्या यादीतले बाबिलोस आणि आउस्तेया हे मधमाश्यांचे देवदेवी घेऊन ग्रेमास थेट मधपाळाच्या अंगणात जातो. लिथुआनियन खेड्यांत मधमाश्यांचा सौदा करणे गैर मानत. एकाच्या पोळ्यातला थवा दुसऱ्याकडे गेला की त्या दोन घरांत सोयरिकीसारखे नाते जडे आणि ते पिढ्यान्‌पिढ्या पाळले जाई. मेलेल्या माशीला माती देण्याचाही रिवाज होता. इतका दाट व्यवहार असलेल्या ठिकाणी देव नसता तरच नवल. घरात समृद्धी आणणाऱ्या दोन जिवांचीही त्याने अशीच फोड केली. ‘काउकास’ हा जमिनीतून आलेला बुटका. तो घरात वस्तूंची भर घालत नाही, पण असलेले सरू देत नाही. मराठीत ज्याला बरकत म्हणतात ती त्याच्या हातात. ‘आयत्वारास’ आकाशातून जळत्या शेपटीने येतो, घरात कोंबड्याचे रूप घेतो आणि शेजाऱ्यांचे धान्य, दूध, पैसे पळवून मालकाला देतो. एकाची मिळकत सोज्ज्वळ, दुसऱ्याची चोरीची. ग्रेमासची मांडणी कधीकधी पुराव्यापेक्षा जास्त देखणी होते, हे मान्य केले तरी मोजणीदाराच्या यादीला त्याने घर मिळवून दिले.

मोठे देव त्या मानाने ओळखीचे निघतात. पेर्कूनास हा मेघगर्जनेचा देव, दाढीवाला, गाडीतून आभाळ तुडवणारा. वसंतातला त्याचा पहिला गडगडाट होईपर्यंत जमीन जागी झाली असे मानत नसत. तो आपल्या वैऱ्याच्या, वेल्न्यासच्या, पाठलागावर असतो. वेल्न्यास कधी दगडाखाली, कधी झाडाआड लपतो आणि वीज तिथे पडते. पुढे ख्रिस्ती सैतानाने वेल्न्यासचे नाव घेतले, पण लोककथांतला वेल्न्यास बराचसा भोळा आणि फसणारा आहे. कौनास शहरात चित्रकार आन्तानास झ्मुइझिनाविचियस याच्या संग्रहातून उभे राहिलेले आख्खे सैतान-संग्रहालय आहे. वैदिक पर्जन्याशी पेर्कूनासचे नाव जोडण्याचा भारतीय वाचकाला मोह होतो. भाषाशास्त्रज्ञांत त्याबद्दल एकमत नाही.

या धर्माचा खरा मुक्काम मात्र चुलीपाशी होता. गाबिया ही अग्निदेवी. रात्री घरातली बाई निखारे राखेखाली झाकून तिला ‘निजवत’ असे आणि शेजारी स्वच्छ पाण्याचे भांडे ठेवत असे, कारण तिला अंग धुवायला पाणी लागते. आगीत थुंकायचे नाही, ती पायाने विझवायची नाही, अधूनमधून चिमूटभर मीठ द्यायचे. या विधीला पुरोहित नको, देऊळ नको, त्यामुळे तो बंद करायला पाद्रीही सापडत नाही.

सापाचेही तसेच. ‘झाल्तिस’ म्हणजे डोक्यामागे पिवळे ठिपके असलेला, बिनविषारी, पाण्यात रमणारा साप. आपल्याकडच्या पाणदिवडाचा दूरचा भाऊबंद. तो अंडी घालायला उबदार उकिरडा शोधतो, म्हणून गोठ्याच्या आसपास राहतो. घरात आला तर शुभ, मारला तर अनर्थ. त्याच्यापुढे दुधाची वाटी ठेवत. सापाला दुधाचा उपयोग नसतो हे नागपंचमीच्या प्रबोधनामुळे मराठी वाचकाला पाठ आहे, पण वाटी ठेवणाऱ्याला त्याचे घेणेदेणे कुठेच नसते.

याच सापाची कथा लिथुआनियात मुलांनाही माहीत असते. एग्ले ही धाकटी बहीण. पोहून बाहेर येते तो तिच्या कपड्यांत साप. लग्नाचे वचन दे, तरच कपडे मिळतील. ती हो म्हणते, आणि तिसऱ्या दिवशी हजारो साप अंगणात वरात घेऊन येतात. घरचे त्यांना फसवायला आधी हंस, मग मेंढी, मग कालवड देतात; दरवेळी कोकिळा चुगली करते. शेवटी एग्ले जाते आणि पाण्याखाली तो साप म्हणजे देखणा झिल्विनास निघतो. नऊ वर्षांत तिला तीन मुलगे आणि एक मुलगी होतात. तिला माहेरची ओढ लागते. नवरा अवघड अटी घालतो, त्यांतली एक म्हणजे लोखंडी जोडे झिजवणे. एक म्हातारी शिकवते: लोहाराच्या भट्टीत टाक. माहेरी भावांना झिल्विनासला बोलावण्याची हाक हवी असते. मुलगे मार खाऊनही गप्प राहतात, धाकटी मुलगी घाबरून सांगून टाकते. भाऊ विळे घेऊन किनाऱ्यावर जातात. एग्ले हाक मारते तेव्हा लाटांवर रक्ताचा फेस येतो. मग ती मुलांना ओक, अ‍ॅश आणि बर्च करते, मुलीला सतत थरथरणारे अ‍ॅस्पेन, आणि स्वतः स्प्रूस होते. सासर-माहेरच्या ओढाताणीची इतकी निर्दय कथा युरोपात क्वचित सापडेल. ही कथा एकोणिसाव्या शतकात लोकांच्या तोंडून उतरवली गेली. तिच्यावर ना बखरकाराचा हात आहे, ना मोजणीदाराचा.

शेजारच्या लाटव्हियात हे काम क्रिश्यानिस बारोन्स याने गाण्यांसाठी केले. दोन लाखांहून अधिक चार-चार ओळींची लोकगीते, कागदाच्या चिठ्ठ्यांवर, खास बनवलेल्या खणांच्या कपाटात. ते कपाट २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचीत गेले. सूर्यदेवता साउले आणि दैव ठरवणारी लाइमा त्या गीतांत सुगी, लग्न, बाळंतपण यांच्या ओघात येतात.

रोमुवाचे साहित्य शत्रूंच्या नोंदी आणि लोकपरंपरा या दोन्ही साठ्यांतले आहे आणि तिथेच गोची आहे. सोव्हिएत काळात, १९६७ मध्ये, योनास त्रिंकूनास आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकगीते आणि उन्हाळी अयनदिनाचा ‘रासा’ सण यांभोवती ही चळवळ उभी केली. १९७३ मध्ये त्रिंकूनासची विद्यापीठातली नोकरी गेली. स्वातंत्र्यानंतर १९९२ मध्ये संघटनेची नोंदणी झाली. पुढे तो ‘क्रिविस’ झाला, म्हणजे डुसबुर्गच्या बखरीतल्या पदावर बसला; २०१४ मध्ये तो गेल्यावर हे पद त्याची पत्नी इनिया हिच्याकडे आले. गाणी, अग्नी आणि सण गावातून घेतलेले, पदरचना धर्मयोद्ध्यांच्या दप्तरातली. ‘अखंड परंपरा’ हा दावा त्यामुळे जपूनच घ्यावा लागतो. अर्थात पुनरुज्जीवन कोणत्या धर्मात झालेले नाही, हाही प्रश्न उरतोच.

कायद्यापुढे हा वाद गौण होता. नोंदणीला २५ वर्षे झाली की राज्यमान्यता मागता येते. रोमुवाने मागितली, न्याय मंत्रालयाने अनुकूल अभिप्राय दिला, पण २०१९ मध्ये कॅथलिक बिशपांच्या विरोधानंतर संसदेने ती नाकारली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जून २०२१ मध्ये हा भेदभाव ठरवला. तरीही संसदेला आणखी तीन वर्षे लागली, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. मान्यतेमुळे रोमुवाच्या विधीने लागलेले लग्न आता कायदेशीर धरले जाईल आणि सरकारी शाळांत तिचे धर्मशिक्षण देता येईल. कॅथलिक, ल्यूथरपंथी, यहुदी, सुन्नी मुस्लिम आणि कराइट धरून नऊ धर्मसमुदायांना असलेला ‘पारंपरिक’ हा वरचा दर्जा मात्र रोमुवाला मिळालेला नाही.